करडू पाजायला लातूरला

लातूरला आमच्या गावचे लई लोक जाऊन आले. कुणी पोरांच्या क्लासला, कुणी दवाखान्याला, कुणी कोर्टात. शेळीच्या करडाला दूध पाजायला म्हणून एसटीचं तिकीट काढून लातूरला गेलेला माणूस मात्र मी एकटाच असेन. परत आल्यापासून जो तो विचारून राहिला, काय झालं, कसं झालं. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतो. माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

घरून

आमचं गाव मुखेडपासून दोन कोसावर. माझ्याकडे चाळीस शेळ्या. त्यांना चारायचं काम माझं, आणि व्यायल्यापुढचं सगळं माझ्या बायकोचं, शेवंताचं. कुठलंही करडू कासेला तोंड लावत नसलं की पंचक्रोशीतले लोक तिच्याकडे घेऊन यायचे. करडू, वासरू, वेळेला माणसाचं लेकरूसुद्धा. तासाभरात ते प्यायला लागलेलं असायचं. ती शिमग्यात गेली. त्याला आठ महिने झाले.

ती असताना लातूरच्या वैशालीबाई दोनदा आमच्या घरी येऊन गेल्या होत्या. त्या संशोधन करतात. अंगावर पिणारी लेकरं, माणसाची आणि जनावराची, तोंड कसं लावतात, किती पितात आणि आपणहून थांबतात कधी, हे बघायचं आणि लिहायचं. मी पहिल्या दिवशीच विचारलं, "बाई, ह्याला पगार देत्यात का?" म्हणाल्या, "देतात मामा, पण कमी." म्हणलं, मग ठीक हाय.

शेवंताचं नाव त्यांना कळलं ते भूकंपामुळं. तिचं माहेर तिकडचं. भूकंपाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही भाकरीची टोपली घेऊन गेलो, तर पत्र्याखाली पंधरा दिवसांचं एक लेकरू रडून रडून निळं पडलेलं. त्याची आई भिंतीखाली गेली होती. तीन ओल्या बाळंतिणी पदर खोलून बसल्या होत्या, पण ते तोंड फिरवायचं. ढिगाऱ्यातून त्याच्या आईचं लुगडं निघालं होतं. शेवंतानं त्याची पट्टी फाडली आणि एका बाईच्या खांद्यावर टाकली. लेकरानं दोनदा नाक घासलं आणि तोंड लावलं. मी टोपली धरून नुसता उभा. त्या भागात ही गोष्ट लोक अजून सांगतात.

तर ह्या दिवाळीनंतर बाईंचा फोन आला, माझ्या सुनेच्या, मंगलच्या मोबाइलवर. त्यांच्या शेडमध्ये एक करडू होतं. आई दुसऱ्या दिवशी मेली, आता ते बाटलीला तोंडच लावत नाही. "मामा, मावशींची युक्ती तुम्हाला येत असेलच?"

मला काय येतंय? मी शेळ्या हाकलणारा माणूस. पण बाई पुढं म्हणाल्या, "या ना. मावशींचा व्हिडिओ पण दाखवते तुम्हाला." माझ्याकडे तिचा फोटो एकच, रेशन कार्डावरचा, त्यात ती चोर दिसती. मी म्हणलं, "हाव, येतंय की. आम्ही दोघं मिळूनच करायचो."

खोटं बोललो. न्हाई म्हणलो असतो तर बाईंनी कशाला बोलावलं असतं?

जळकोट

पहाटे शेळ्यांचं आवरलं, वर धुतलेला सदरा चढवला आणि निघालो. जळकोटला गाडी बदलायची होती. तिथं भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, मिरची टाकलेला सुशीला खाल्ला. चुरमुऱ्याला आमच्याकडे इतका मान आहे हे पुण्या-मुंबईकडच्यांना सांगून पटत नाही.

लातूरची गाडी लागली आणि मी डायव्हरच्या मागं बसलो. पुढं इंजनाच्या झाकणावर डबेच डबे. पितळी, स्टीलचे, कापडात बांधलेले, प्रत्येकावर रंगानं नाव. लातूरला क्लासला राहिलेल्या पोरापोरींचे. गावोगावच्या आया पहाटे उठून भाकरी थापतात आणि डबा एसटीत ठेवतात. पोरं तिकडं स्टँडवर येऊन उचलतात.

गाडी हलली तशी एक बाई पळत आली. "ओ भाऊ, थांबा! पोरीचा डबा ऱ्हायला!"

कंडक्टर म्हणाला, "ताई, रोजचं झालं तुमचं. एक दिस पोरगी उपाशी ऱ्हाईल."

"उपाशी ऱ्हाईल तर मार्क कमी पडतील. तुमी देनार का मार्क?"

तिनं खिडकीतून डबा माझ्याच हातात दिला. मी विचारलं, "कितवीला हाय पोरगी?"

"बारावीला."

"सतरा वर्सांची घोडी, आन् अजून आईच पाजती?"

बाईनं माझ्या मांडीवरचं गाठोडं बघितलं. मंगलनं त्यात धपाटे आणि तिळाची चटणी बांधली होती, वास सुटला होता. "मामा, ते कुनी बांधून दिलं?"

"सुनंनं."

"मंग तुमी कितवीला हाव?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. पोरीचा डबा लातूरपर्यंत मांडीवर धरून नेला, एक थेंब सांडू दिला नाही.

लातूर, पहिला दिवस

लातूरमध्ये शिरलं की आधी फोटो दिसतात. खांबाखांबावर, भिंतीभिंतीवर पोरापोरींचे फोटो आणि खाली मार्क. आमच्याकडे एवढा मोठा फोटो पुढाऱ्याचा लागतो, नाहीतर मेलेल्याचा. पहिल्यांदा मला वाटलं, इतकी पोरं गेली कशानं? मग कळलं, ही पास झालेली. खाली रस्त्यानं जी चालत होती ती व्हायची होती. त्यांच्या पाठीवर ओझं आणि नजर जमिनीला. शेळी चरायला निघाली की चार दिशेला बघते. ही पोरं एका दिशेलाही बघत नव्हती.

बाईंचं शेड गावाबाहेर आहे. पत्रा, सिमेंटचा गिलावा, बारा शेळ्या, आणि सगळं दवाखान्यासारखं धुतलेलं. जमीन औषधानं पुसलेली, बाटल्या उकळलेल्या. तिथं खाजाभाई नावाचा गडी आहे, पन्नाशीचा, जनावरात मुरलेला. त्यानं करडू आणून माझ्यापुढं ठेवलं. काळंभोर, कानावर पांढरे ठिपके, पोट आत गेलेलं. पाच दिवसांचं होतं. वजन एखाद्या कोंबडीइतकं.

बाई म्हणाल्या, "तीन दिवस नळीनं दूध घालतोय मामा. घसा सोलून निघालाय. उद्यापर्यंत चोखायला लागलं नाही तर डॉक्टर म्हणतात, जगायचं नाही."

मी माझी युक्ती काढली. शेवंताच्या लुगड्याचं फडकं. ती करडं पुसायची त्यानं. गोठ्याच्या खुंटीला लावलेलं असायचं. ती गेल्यावर आठ महिने मी कुणाला ते काढू दिलं नव्हतं. मला वाटायचं, सगळी करामत ह्याच्यातच आहे. लेकराला आईच्या लुगड्यानं पाजलं, तर करडाला हिच्या लुगड्यानं पाजता येईल.

पिशवीतून काढलं. घडी घातलेलं. इस्तरी केलेलं. नाकाला लावलं, तर साबण आणि डांबराच्या गोळीचा वास. पिशवी मंगलनं भरली होती, तिनंच धुतलं होतं. लातूरला, शिकलेल्या माणसांत न्यायचं, मळकं कसं द्यायचं? मेलेल्या माणसाची वस्तू परगावी निघाली तर स्वच्छच निघावी, आपल्याकडे अशीच रीत आहे. मला तिचा राग आला आणि रागवायला जागाही सापडेना. गोठ्यात गेलं की अजून त्या फडक्याला शेवंताच्या हातांचा वास यायचा. तो गेला. इस्तरीखाली गेला.

तरी मी ते करडावर टाकलं, बाटली पुढं केली. करडानं मान झाडली आणि शिंकलं.

खाजाभाई म्हणाला, "चाचा, इसकू दूध पिलाने आए क्या शादी में लेको जाने आए?"

बाई त्याच्यावर डाफरल्या. मी म्हणलं, "बोलू द्या. खरंच बोलून राहिला." करडाच्या तोंडात बळंच निप्पल घालून बघितलं, दूध ओठांवरून गळून माझ्या धोतरावर. संध्याकाळपर्यंत चारदा केलं. चारदा तेच. शेवटी पुन्हा नळी घातली. त्या वेळी त्याचे डोळे मी बघितले नाहीत.

"आता व्हिडिओ दाखवा," मी म्हणलं.

"लाइट गेलीय मामा. आता सकाळीच येईल."

बाईंच्या घरी

मुक्काम बाईंच्या घरी. त्यांचं सासर-माहेर सगळं मास्तर लोकांचं, घरात भांड्यांपेक्षा पुस्तकं जास्त. वरच्या मजल्यावर क्लासच्या सहा पोरी भाड्यानं. प्रत्येकीचा फोन वाजला की एकच बोलणं ऐकू यायचं: "हो आई, जेवले. हो, दोन पोळ्या. हो, खरंच."

मेणबत्तीत आम्ही जेवायला बसलो. वांग्याचं भरीत, भाकरी, ताक. एक भाकरी संपली. बाई म्हणाल्या, "मामा, अजून वाढू?"

मी म्हणलं, "न्हाई न्हाई, बास."

त्यांनी टोपलं झाकून ठेवलं!

आता आमच्याकडची रीत अशी, की पाहुणा पहिल्यांदा न्हाई म्हणतो, दुसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरतो, आणि तिसऱ्यांदा यजमान बोटांच्या फटीतून वाढतो. ह्याशिवाय कुणाचं जेवण होत नाही. इथं पहिल्याच न्हाईला टोपलं बंद. मी झाकणाकडं बघत बसलो.

बाईंना कळलं असावं. म्हणाल्या, "बास म्हणणाऱ्याला मी वाढत नाही मामा. माझं कामच ते आहे. बाळाचं पोट भरलं की ते तोंड फिरवतं. आया म्हणतात, अजून एवढंसं, एवढंसं. सगळे विचारतात किती प्यालं. कधी थांबलं हे कुणी बघतच नाही. भुकेल्या बाळाच्या मुठी आवळलेल्या असतात बघा. पोट भरत आलं की बोटं आपोआप सैल पडतात."

मी म्हणलं, "बाई, ते लेकराचं झालं. म्हाताऱ्याच्या मुठीचं काय सांगता? मी खोटं बोललो. अर्धी भाकर द्या."

त्या इतक्या हसल्या की वरच्या पोरी जिन्यात येऊन बघायला लागल्या. मी अर्धी नाही, सबंध भाकरी खाल्ली. शेवंता गेल्यापासून मागून घेऊन खाल्लेली ती पहिली.

एक खोटं निस्तरलं. दुसरं, मोठं, ते तोंडाशी येऊन माघारी गेलं. मला काही येत नाही हे सांगितलं, तर सकाळी व्हिडिओ दाखवतील का? आणि सांगितलं नाही, तर करडाचं काय?

लातूर, दुसरा दिवस

सकाळी सातला लाइट आली. शेडवर जाऊन बाईंनी कॉम्प्युटर लावला. आधी माणसांची लेकरं दाखवली. नुकती जन्मलेली, डोळे मिटलेली, आईच्या पोटावर पालथी. कुणी उचललं नाही, कुणी दाबलं नाही, आणि ती मुंगीच्या पावलानं सरकत, नाकानं हुंगत वर गेली. मी सत्तर वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे बापाला त्या खोलीत कोण घेतंय? मी म्हणलं, "हे तर करडासारखंच हाय." बाई म्हणाल्या, "हेच मी लिहिते मामा. तुम्ही एका ओळीत म्हणालात, मला चार वर्षं लागली."

मग आमचा गोठा आला. आणि शेवंता.

हिरवं लुगडं, कपाळाला आठी. ती कधी सरळ बघायचीच नाही, कॅमेऱ्याकडेही बघितलं नाही. मांडीवर करडू. "बाई, तुमी जरा बाजूला व्हा, उजेड आडवून राहिल्या," ती म्हणाली. आठ महिन्यांनी आवाज ऐकला, तो असा, कुणाला तरी हटकताना. बरं वाटलं. गोड बोलली असती तर मी ओळखलीच नसती.

तिनं खुंटीवरून काहीतरी ओढलं आणि करडाच्या डोक्यावर टाकलं, सगळा अंधार केला. खालून बाटली सरकवली. दुसऱ्या हातानं शेपटाच्या बुडाशी खाजवायला लागली, शेळी चाटते तसं. करडू थांबलं, हुंगलं, आणि चोखायला लागलं. शेपूट पंख्यासारखं हलायला लागलं.

बाईंचा आवाज आला, "मावशी, हे फडकं कसलं?"

"आसंच हाय घरातलं," शेवंता म्हणाली आणि हसली. मग पहिल्यांदा कॅमेऱ्याकडं बघून, "आन् हे आमच्या मालकाला दाखवू नगा बरं का."

"का?"

"बोंबलतील."

बाई मला म्हणाल्या, "लाजल्या होत्या हो. आम्ही पण फडकं घेऊन बघितलं मामा. टॉवेल घेतला, गोणपाट घेतलं, शेपटापाशी खाजवलं. काही होत नाही."

मी म्हणलं, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. मी खुर्ची पुढं ओढली. ते फडकं नव्हतं. त्याला खिसा होता, आणि खिशाला लाल दोऱ्याची टीप. ती टीप मी स्वतः घातली होती, घरात पांढरा दोरा नव्हता म्हणून. ती माझी बंडी होती.

माझ्या दोनच बंड्या. मी शेळ्या घेऊन रानात गेलो की घरी खुंटीवर एक राहायची. रोज संध्याकाळी ती चिकट, दुधाचे डाग पडलेली. मी रोज ओरडायचो. ती म्हणायची, मांजर येतं. तीस वर्षं मी त्या मांजराला शिव्या दिल्या. एकदा तर तंबाखूची पुडी ओली झाली म्हणून दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. आणि ती खाली मान घालून भाकरी थापायची. आता कळलं की हसत होती.

तिनं बरोबर हेरलं होतं. मी दिवसभर शेळ्यांत. येता-जाता एकेक अंगाला घासते, बोकड घासतो, व्यायलेली शेळी मीच खांद्यावर टाकून आणतो. सगळ्या कळपाचा वास माझ्या अंगावर असतो. तिनं मला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी बंडी दिलीच नसती, इतका मी शहाणा.

मी उठलो. "बाई, मला काई येत न्हाई," मी म्हणलं. "फोनवर खोटं बोललो. तिला बघायचं होतं म्हणून आलो. ती कसं पाजायची हे मी आत्ता बघितलं, तुमच्यासंगंच. पर ते फडकं म्हंजी माझी बंडी हाय."

खाजाभाई दारात उभा होता, तो म्हणाला, "तो अब क्या चाचा, गाव जाको बंडी लाते?"

"खुळ्या, अंगावर हाय की!"

सदरा काढला. खाली बंडी रोजचीच होती, चार दिवसांची. बाईंच्या कपाळावर आठी पडली, वासाची. मी म्हणलं, "हाव, तोच पायजे."

जमिनीवर बसकण मारली, करडू मांडीवर घेतलं, बंडी डोक्यावर टाकली. बाटली खालून. शेपटाशी खाजवायला लागलो. काही नाही. करडानं मान काढायचा प्रयत्न केला. खाजाभाई म्हणाला, "हाथ जड लगरा चाचा, बायकोसरीका करो." मी हात हलका केला. तिचा हात आत्ताच बघितला होता, तसा. करडू थरथरलं. मग बंडीच्या आतून फुसफुस हुंगल्याचा आवाज आला. बाईंनी श्वास धरला होता. मीही.

निप्पलला एक हिसका बसला. मग दुसरा. बाटलीत बुडबुडे चढायला लागले. आणि शेपूट हललं. माझ्या बोटात हललं.

अर्धी बाटली प्यालं आणि तोंड सोडलं. खाजाभाई म्हणाला, "और पिलाव, और." बाई आणि मी एकदमच ओरडलो, "बास म्हणालंय ते!"

बाईंनी वही काढली. "मामा, नीट सांगा. बंडी किती दिवस घातलेली?" मी म्हणलं, "हे तुमच्या पुस्तकात छापणार?" म्हणाल्या, "छापणार." म्हणलं, "मग तिचं नाव वर घाला. माझा नुसता वास लिवा."

परत

दुपारपर्यंत ते करडू तीनदा प्यालं. मी बंडी तिथंच ठेवली आणि उघड्या अंगावर सदरा घालून निघालो. खाजाभाई स्टँडवर पोचवायला आला. सबंध रस्ता माझी थट्टा करत होता आणि गाडी सुटताना म्हणाला, "चाचा, चाची लई हुशार होती." एवढंच तो मराठीत बोलला.

मंगलला मी फडक्याचं काही बोललो नाही. बंडी कुठं गेली हे मात्र सांगितलं. ती तोंडाला पदर लावून हसत बसली. मग म्हणाली, "मामा, मला ठाव होतं. आत्यांनी शपथ घातली होती." सासूला ती आत्या म्हणायची. म्हणजे घरात मांजर नव्हतं हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन. करडू उड्या मारून राहिलं. आणखी दोन पोरकी करडं आली, तीही प्यायला लागली. पण आता बंडीचा वास कमी पडतोय. "मामा, अजून एक पाठवता का?"

उरलेली बंडी मी आठ दिवस अंगातून काढली नाही. शेळ्यांत बसलो, उठलो, एका व्यायलेल्या शेळीला मुद्दाम छातीशी धरून आणलं. मग कागदात गुंडाळून मुखेडच्या टपाल हपिसात नेली. खिडकीतल्या बाबूनं पुडकं हातात घेतलं आणि लगेच लांब धरलं.

"आत काय हाय, काका?"

"बंडी."

"नवी हाय का?"

"न्हाई बाबा," मी म्हणलं. "नवीचा काय उपयोग?"